गोव्याच्या स्वयंपाकघरात लेबनीज सण: मामूल, भोपळ्याचे किब्बे आणि मेघली

गोव्यात लेबनीज जेवण म्हटले की किनाऱ्यावरच्या हॉटेलांतले हमस, फलाफल आणि शवर्मा आठवतात. लेबनॉनमधल्या घरी सणाच्या दिवशी यांतले हमस तेवढे असते, बाकीचे बहुधा नसते. शवर्मा ही बाजारात उभ्याने खायची गोष्ट. सणाला होतात रव्याचे मामूल, मांस आणि भरडलेल्या गव्हाचे, ट्रेमध्ये थापलेले किब्बे, द्राक्षाच्या नाहीतर कोबीच्या पानांच्या बोटाएवढ्या गुंडाळ्या, गव्हाची बर्बारा, तांदळाच्या पिठाची मेघली. ज्या घरात लेबनॉनची सून किंवा जावई आहे, किंवा आखातातली नोकरी संपवून जे फोंडा, डिचोली, पेडण्याला परतले आणि तिथल्या लेबनीज शेजाऱ्यांच्या पंगतीची चव ज्यांच्या जिभेवर राहिली आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत.

ही परंपरा टिकवायला प्रत्येक जिन्नस बेरूतहून मागवावा लागत नाही. प्रत्येक पदार्थात एखादीच गोष्ट अशी असते की ती बदलली की पदार्थच बदलतो. तेवढी सांभाळायची, बाकीचे म्हापशाच्या बाजारात भागते. उलटे केले, म्हणजे महागाच्या बाटल्या आणल्या आणि नेमके ते सोडले, तर ताटात नाव लेबनीज आणि चव भलतीच.

सणांचा हिशेब आधी सांगतो. ४ डिसेंबरला सेंट बर्बारा, म्हणजे आपल्या जुन्या गोव्याच्या फेस्ताच्या दुसऱ्याच दिवशी. त्या दिवशी उकडलेल्या गव्हाचा गोड पदार्थ होतो आणि मुले मुखवटे घालून फिरतात. नाताळला मेघली. १ जानेवारीला वर्ष शुभ्र जावे म्हणून दह्यातले पांढरे पदार्थ. ईस्टरआधीच्या उपासांत आणि गुड फ्रायडेला बिनमांसाचे किब्बे. ईस्टरला ख्रिस्ती घरांत मामूल, आणि ईदला मुसलमान घरांतही तेच मामूल. आपण हे वेळापत्रक तंतोतंत पाळायला नको. मामूल दिवाळीच्या फराळात सहज बसतात, भोपळ्याचे किब्बे कुठल्याही शिवराक जेवणाला चालतात. मेघली मात्र नाताळची, नाहीतर घरात मूल जन्मल्याची. ती एरवी उगाच करू नये, असे आमचे मत.

तेताचे माप

कृती बहुतेक वेळा तिकडच्या आजीकडून, म्हणजे तेताकडून, फोनवर मिळते. ती सांगते मूठ, फिंजान आणि रतल. फिंजान म्हणजे कॉफीचा छोटा कप, साधारण ६० ते ८० मिलिलिटरचा. पण प्रत्येक घरचा कप वेगळा, म्हणून तिला तिचाच कप पाण्याने भरून काट्यावर ठेवायला सांगा. खरी फसगत रतलात होते. लेबनॉनचा रतल अडीच किलोच्या थोडा वर आणि वकिये, म्हणजे तिथलेच छोटे वजन, सुमारे २०० ग्रॅम. आपल्या जुन्या माणसांचा रत्तल जेमतेम ४५० ग्रॅम. तिकडचा रतल अर्धा किलो समजून मांस घेतले आणि मसाला मात्र तिने सांगितला तेवढा घातला, तर घास तोंडात धरवत नाही. मुठीचा उपाय सोपा आहे. तेताजवळ जो कुणी असेल त्याला तुपाचा आणि रव्याचा डबा काम सुरू व्हायच्या आधी एकदा आणि संपल्यावर एकदा तोलायला सांगा. वजाबाकी केली की खरा आकडा हाती येतो, आणि तिच्या कामात खंडही पडत नाही.

बुरघुल आणि डाळिंबाचा आटवलेला रस

बुरघुलावर निम्मा स्वयंपाक उभा आहे आणि निम्मे घोटाळेही त्यातच होतात. आपल्या दुकानातला दलिया म्हणजे कच्चाच भरडलेला गहू. बुरघुल म्हणजे आधी उकडून, कडक वाळवून मग भरडलेला. दिसायला दोन्ही सारखे. पण दलिया लिंबाच्या रसात कितीही भिजवला तरी चिवट राहतो आणि किब्ब्यात दाताखाली कचकचतो. पाकिटावर बुरघुल लिहिलेले नसेल तर चमचाभर दाणे गरम पाण्यात वीस मिनिटे ठेवून चावून बघा. मऊ होऊन दाणा मोकळा राहिला तर बुरघुल, आत पिठूळ कच्चेपणा लागला तर दलिया.

घरी करणेही कठीण नाही. १ किलो गहू धुऊन भरपूर पाण्यात मंद आचेवर शिजवा. दाणा फुगून नुकता फुटायला लागला की थांबा. ४० ते ५० मिनिटे लागतात. कुकर नको, त्यात गव्हाची खिमटी होते. निथळून, जुन्या धोतरावर किंवा सुती चादरीवर एकेरी थरात पसरून दोन-तीन दिवस कडक ऊन द्या. दाणा दाताखाली टक्कन तुटला पाहिजे. मग मिक्सरमध्ये थांबून थांबून भरडा आणि चाळा: रव्याएवढा बारीक तब्बुले नावाच्या कोशिंबिरीला आणि किब्ब्याला, जाड पुलावाला. लेबनॉनच्या गावांत हे काम उन्हाळा सरताना गच्च्यांवर चालते, हिवाळ्याच्या साठ्यासाठी. त्या साठ्याला ते मूने म्हणतात. आपण ते पुरुमेंताच्या दिवसांत, मार्च ते मे, उरकावे. जूनमध्ये हात घालू नका. वरून वाळलेला दिसणारा दाणा आत ओला राहतो आणि डब्यात आठवड्याभरात बुरशी धरतो.

डाळिंबाचा आटवलेला रसही याच दिवसांत करून ठेवावा. सव्वादोन ते अडीच किलो डाळिंबांचा साधारण १ लिटर रस निघतो. दाणे मिक्सरमध्ये फक्त एक-दोनदा फिरवायचे. बी फुटले की रस तुरट होतो. आपले भगवे डाळिंब गोड, तिकडचे आंबट, म्हणून लिटरला ६० मिलिलिटर लिंबाचा रस घाला. स्टीलच्या रुंद पातेल्यात (ॲल्युमिनियम नको, आंबटाने कळकते) मंद आचेवर २०० मिलिलिटर उरेपर्यंत आटवा. गरम असताना तो पातळच वाटतो. पाकासारखा दाट दिसेपर्यंत थांबलात तर थंड झाल्यावर बाटलीतून निघणार नाही.

मामूल

मामुलात सांभाळायची ती रव्याची रात्रभराची तुपातली मुरवण. इथेच आपला हात चुकतो, कारण रवा दिसला की भाजायचा ही सवय. भाजलेला रवा तूप आणि पाणी नीट शोषत नाही. मामूल साच्यातून निघता निघताच भुगा होतो. रवा कच्चाच हवा.

साधारण पन्नास नगांना ५०० ग्रॅम बारीक रवा आणि २५० ग्रॅम चिरोटी रवा एकत्र करा. जाडा रवा नको. ३०० ग्रॅम साजूक तूप पातळ करून, हाताला कोमट लागेल इतके निववून घाला आणि दोन्ही तळव्यांमध्ये रवा चोळा. दहा मिनिटे चोळल्यावर प्रत्येक कण पिवळसर, ओलसर दिसायला लागतो. झाकून आठ ते बारा तास ठेवा. सकाळी तूप थिजून गोळे झालेले असतात, ते पुन्हा हाताने मोडा. आता १२० ग्रॅम पिठीसाखर, पाव चमचा यीस्ट आणि १०० मिलिलिटर गुलाबपाणी घाला. हे गुलाबपाणी खाण्याचेच हवे. चेहऱ्याला लावायची बाटली वेगळी असते, लेबल वाचा. मिश्रण मुठीत दाबून गोळा धरत नसेल तर चमच्याचमच्याने दूध, एकूण ६० मिलिलिटरपर्यंत. मळायचे नाही, फक्त एकत्र आणायचे. मळले की रव्यातला चिकटपणा जागा होतो आणि मामूल खुसखुशीत न होता कडक होतो. तासभर झाकून ठेवा.

लेबनॉनमध्ये गुलाबपाण्याबरोबर नारंगीच्या फुलांचे पाणी असते. कडू नारंगीची फुले वसंतात खुडून घरोघरी भट्टीवर ते काढतात. सैदाजवळचे मगदूशे गाव त्यासाठी नावाजलेले. ते मिळाले तर गुलाबपाण्याच्या निम्मे घ्या. न मिळाल्यास एका संत्र्याची वरची केशरी साल किसून साखरेत चोळून घाला. केवडा चुकूनही नको. तो घातला की मामूल मिठाईच्या दुकानातला लागतो. महलब, म्हणजे रानटी चेरीच्या बियांची पूड, मिळाली तर चमचाभर. नाही मिळाली तर तिच्यावाचून अडत नाही.

सारण दोन प्रकारचे. २५० ग्रॅम अक्रोड जाडसर कुटून त्यात ७० ग्रॅम साखर आणि चमचाभर गुलाबपाणी. दुसरे ३२० ग्रॅम बिया काढलेला मऊ खजूर, चमचाभर तूप आणि पाव चमचा दालचिनी घालून मळलेला. आकारावरून सारण ओळखायचे असते: उंच घुमटाकार तो अक्रोडाचा, चपटा गोल खजुराचा, लांबट पिस्त्याचा. हा संकेत पाळा, म्हणजे पाहुण्याला फोडून बघावे लागत नाही. गोव्यात सगळीकडे काजू घालायचा मोह होतो, पण इथे तो आवरा. काजू भाजताना मऊ पडतो आणि सारणाची कुरकुर जाते.

लाकडी साचा नसेल तर मोदकाचा साचा वापरू नका. त्याच्या खोल पाकळ्यांत रवा अडकतो. हाताने गोळा करून काट्याने किंवा स्वच्छ चिमट्याने वर नक्षी काढतात, तिकडेही जुन्या घरांत तसेच करतात. साचा असेल तर आधी नुसत्या पिठाने भरून तोलून घ्या. त्या वजनाचे दोन भाग पीठ, एक भाग सारण. साधारण साच्याला २५ ग्रॅम पीठ आणि १२ ग्रॅम सारण बसते. पारीचा तळ जाड ठेवलात तर खाताना नुसता रवाच लागतो. तळ आणि बाजू सारख्या हव्यात. साचा उपडा करून त्याची कड ओट्यावर एकदाच ठणकन आपटा. हळूहळू ठोकत बसलात की नक्षी फाटते.

गोव्याच्या उकाड्यात पीठ हातात तुपकट होते. तसे झाले तर भरलेला ट्रे वीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवून मगच भाजा. २०० अंशांवर, मधल्या कप्प्यात १४ ते १६ मिनिटे. तळ बदामी आणि माथा पांढराच राहिला पाहिजे. माथ्याला रंग येईपर्यंत ठेवले तर मामूल रुक्ष होतो. नक्षी पसरली तर तूप जास्त पडले किंवा ओव्हन थंड होता. भेगा गेल्या तर पीठ कोरडे; पुढच्या घाण्याला दुधाचा हात लावा. घरी ओव्हन नसेल तर पोदेराला विचारा, पण पावांच्या ऐन तापात नव्हे. शेवटचा घाणा निघाल्यावर भट्टी उतरते तेव्हाची ऊब मामुलांना मानवते. अक्रोडाच्यांवर कोमट असताना पिठीसाखर भुरभुरवा, खजुराच्यांवर नको. पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरू नका, आणि डबा घट्ट झाकणाचा हवा. इथली दमट हवा एका रात्रीत त्यांचा खुसखुशीतपणा घालवते.

भोपळ्याचे किब्बे

मांसाचे किब्बे सर्वांना ठाऊक: ५०० ग्रॅम चरबी-शिरा काढलेले मांडीचे मटण, ३०० ग्रॅम बारीक बुरघुल, एक कांदा, मीठ, मिरी, दालचिनी आणि ऑलस्पाइस. ऑलस्पाइस नसेल तर एका चमच्याऐवजी अर्धा चमचा दालचिनी, पाव चमचा लवंग, पाव चमचा जायफळ. मांस दोनदा बारीक करायचे आणि मळताना हात बर्फाच्या पाण्यात बुडवत राहायचे. मांस तापले की चरबी सुटते आणि थर रबरी होतो. कच्चे किब्बे खायची तिकडची पद्धत मात्र इथल्या हवेत आणू नये.

मराठी घरात जास्त चालेल ते उपासाचे किब्बे, तांबड्या भोपळ्याचे. इथे पाणी काढणे हेच सगळे. सव्वा किलो जून, जड, कडक सालीचा भोपळा घ्या. तुकडे वाफवा किंवा भाजा, उकडू नका. कुस्करून पंचात बांधून, वर वजन ठेवून रात्रभर निथळू द्या. ५०० ते ५५० ग्रॅम गर उरतो. तो पुन्हा गरम करून त्यात ३०० ग्रॅम कोरडे बारीक बुरघुल घाला आणि अर्धा तास झाका. उरलेले पाणी बुरघुल पिते. मग एक किसलेला कांदा पिळून, ७० ग्रॅम मैदा किंवा कणीक, चमचाभर धणेपूड, अर्धा चमचा दालचिनी, मिरी, मीठ. छोटी गोळी दाबून पाहा. तळव्याला चिकटली तर चमचाभर कणीक आणखी, कडा फाटल्या तर पाण्याचा हात.

सारणाला ५०० ग्रॅम पालक चिरून मीठ चोळून दहा मिनिटांनी घट्ट पिळा. त्यात दोन पातळ चिरलेले कांदे, १५० ग्रॅम उकडलेले काबुली चणे साली काढून, ७५ ग्रॅम अक्रोड, मोठा चमचा सुमाक (आंबट लाल फळांची पूड) आणि मोठा चमचा डाळिंबाचा आटवलेला रस. सुमाक नसेल तर निम्म्या मापाने आमचूर घालून वर लिंबाची साल किसावी. सोलां नकोत, त्यांचा ओला खारटपणा आणि रंग सारणाला काळपट करतो.

३० सेंटिमीटरच्या ट्रेला तेल लावून निम्म्याहून जरा कमी मिश्रण ओल्या हाताने तळाला थापा. सारण पसरा. वरचा थर एकसंध टाकायला गेलात तर फाटतो. हातावर पुरीएवढे तुकडे थापून शेजारी शेजारी लावा आणि ओल्या बोटांनी सांधे पुसून टाका. भाजायच्या आधीच सुरीने तळापर्यंत शंकरपाळ्यासारखे काप द्या, कडेने सुरी फिरवा आणि १२० मिलिलिटर ऑलिव्ह तेल त्या चिरांमधून ओता. तेल जास्त वाटेल, पण ते कमी केले की वरचा थर कोरडा पडून सारणापासून सुटतो. २०० अंशांवर ४० ते ४५ मिनिटे, कडा खमंग तांबूस होईपर्यंत. पंधरा मिनिटे निवू दिल्याशिवाय कापून काढू नका. कोमट किंवा गारच चांगले लागते, म्हणून सकाळी करून ठेवता येते.

हिरवे आणि आंबट

तब्बुले म्हणजे पार्सली, तिच्यात थोडे बुरघुल. हॉटेलांत उलटे मिळते. ३०० ग्रॅम निवडलेली सपाट पानांची पार्सली, मूठभर पुदिना, चार पातीचे कांदे, चार घट्ट टोमॅटो आणि बुरघुल फक्त ४० ग्रॅम. पार्सलीसाठी किनारपट्टीच्या हॉटेलांना भाजी पुरवणाऱ्यांकडे दोन दिवस आधी सांगून ठेवा. कोथिंबीर घालून काम भागवू नका. ती चांगली कोशिंबीर होईल, तब्बुले होणार नाही. पाने आदल्या दिवशी धुऊन पंचात पसरून पूर्ण कोरडी करा. ओली पाने सुरीखाली चेचतात, काळी पडतात. मिक्सर तर नकोच. बुरघुल टोमॅटोच्या आणि लिंबाच्या रसात भिजवा, पाण्यात नाही. आपले कागदी लिंबू जास्त झोंबते, म्हणून ७० मिलिलिटरपासून सुरुवात करून चाखत जा. ऑलिव्ह तेल १०० मिलिलिटर. मीठ आणि उरलेला लिंबाचा रस वाढायच्या वेळीच. खायला कोबीची किंवा लेट्यूसची कोवळी पाने चमच्यासारखी.

फत्तूश म्हणजे भाजलेल्या पावाचे तुकडे घातलेली कोशिंबीर. तिला गोवा फारच सोयीचा. त्यात घालतात ती बकले म्हणजे आपली घोळीची भाजी, बांधावर उगवणारी. आणि कालची पोई दोन पदरांत उघडते, तिचे तुकडे तेल लावून कुरकुरीत भाजले की पिटा शोधत बसायला नको.

द्राक्षाची पाने खाऱ्या पाण्यातली बाटलीत मिळतात. पण कोबीच्या गुंडाळ्या हीसुद्धा अस्सल लेबनीज रीत आहे, कमीपणाची नाही. तांदूळ फुगतो म्हणून सारण कमी भरा आणि गुंडाळी सैल ठेवा. पातेल्यात रचल्यावर वर उपडी थाळी दाबून ठेवा, नाहीतर उकळीत सुटतात.

सणाला मासा लागतोच अशी घरे असतील तर त्रिपोलीचा (लेबनॉनमधले शहर, लिबियाचे नव्हे) सामके हर्रा, म्हणजे तिखट मासा, करावा. इथे कोथिंबीर अगदी हक्काची. सव्वा किलोचा अख्खा चोणक किंवा तामसो मीठ, लिंबू लावून २०० अंशांवर २५ ते ३० मिनिटे भाजा. हळद नको, रस पिवळा पडतो. चार मोठे चमचे तेलात दहा ठेचलेल्या लसणी, एक जुडी चिरलेली कोथिंबीर, चमचाभर धणेपूड, दीड चमचा तिखट परता. वेगळ्या वाडग्यात १५० ग्रॅम ताहिनीत (तिळाच्या वाटणात) १०० मिलिलिटर लिंबाचा रस घाला. ती एकदम आळून गोळा होते. पुष्कळजण इथे बिघडली म्हणून टाकून देतात, पण तिचा स्वभावच तो. फेटत राहा आणि २०० मिलिलिटर पाणी थोडे थोडे घाला, सुटते. परतलेल्यात ओतून मंद आचेवर तेल वर येईपर्यंत ढवळा आणि भाजलेल्या माशावर घाला. ताहिनी घरी करायची तर साल काढलेले पांढरे तीळ रंग न बदलता नुसते गरम करा. तांबूस केले किंवा सालीचे घेतले की ताहिनी कडू होते.

लबने म्हणजे खारवलेला चक्का: १ किलो म्हशीच्या दुधाच्या दह्याला चमचाभर मीठ, फडक्यात बांधून २४ तास. टांगा मात्र फ्रिजमध्येच, ओट्यावर इथे आंबट ढोण होते.

बर्बारा आणि मेघली

बर्बाराला ५०० ग्रॅम खिरीचे, कांडून साल काढलेले गहू रात्रभर भिजवून, बडीशेपेची पुरचुंडी टाकून मऊ शिजवा. साखर शेवटी. आधी घातली की दाणा जन्मात मऊ होत नाही. गूळ, नारळाचा रस नाही. ती आपली खीर झाली. हे पळीवाढे पातळ असते, वर डाळिंबाचे दाणे, बदाम, अक्रोड, मनुका आणि गुलाबपाण्याचा शिपका. त्याच दिवशी तिकडे कापसावर गहू किंवा मसूर पेरून ठेवतात. नाताळपर्यंत गोठ्याच्या देखाव्याला हिरवळ तयार होते.

मेघलीला १५० ग्रॅम कच्च्या तांदळाची वस्त्रगाळ पिठी. उकड्या तांदळाची नको, तिचा वास मसाल्यावर मात करतो. २०० ग्रॅम साखर, मोठा चमचा शहाजिऱ्याची पूड, मोठा चमचा दालचिनी, लहान चमचा बारीक बडीशेपेची पूड, पावणेदोन लिटर पाणी. शहाजिरे म्हणून दोन जिन्नस विकले जातात. आपल्याला हवा तो तपकिरी, कोयतीसारखा वाकडा दाणा. काळा बारीक नको. ताजे कुटा आणि चाळा. जुन्या पुडीची मेघली मातकट लागते. सगळे गार पाण्यातच कालवून मग विस्तवावर ठेवा. उकळी येईपर्यंत हात थांबवायचा नाही, नंतर मंद आचेवर ४५ मिनिटे ते तासभर ढवळत राहायचे. दहाव्या मिनिटाला ती दाट दिसते आणि तिथेच पुष्कळजण उतरवतात. मग पिठी कच्ची लागते आणि दुसऱ्या दिवशी वाटीत पाणी सुटते. उलथन्याने तळाशी ओढलेली रेघ क्षणभर टिकली की झाली. वाट्यांत ओता, निवल्यावर फ्रिजमध्ये.

वर अक्रोड, बदाम, चिलगोजे. कोमट पाण्यात तीन-चार तास भिजवून, दोन-तीनदा पाणी बदलून, साल काढून घ्या. दाणे पांढरेशुभ्र आणि कोवळे लागतात. इथे काजू चालतो. आणि खोबरे. तिकडे सुकी पूड भिजवून घालतात, आपल्याकडे ताजा किसलेला नारळ आहे, तो चांगलाच लागतो. फक्त पाठीवरचे तपकिरी येऊ देऊ नका आणि वाढण्याच्या अर्ध्या तासाआधी घालू नका, डिसेंबरातही दुपारी नारळ उतरतो.

कामाची वाटणी करताना भरपूर हात लागतील अशी कामे सणाच्या आदल्या संध्याकाळी ठेवावीत: मामूल भरणे, पाने गुंडाळणे, पार्सली निवडणे. मुलांना साचा आपटायला द्या, भरायला नको. त्यांच्या पाऱ्या जाड होतात. मामुलाचे सारण आठवडाभर आधी करून ठेवता येते. अक्रोडाचे मामूल दहा-बारा दिवस, खजुराचे त्याहून जास्त टिकतात, त्यामुळे शेजारी कुस्वाराच्या ताटांची देवघेव सुरू झाली की दोदोल, नेवऱ्यांच्या बदल्यात तेच पाठवावेत. किब्बे कापून, कापांमध्ये कागद घालून पाठवले तर चालतात. तब्बुले आणि मेघली डब्यातून पाठवू नका. एकाला पाणी सुटते, दुसरीवरचे खोबरे वाटेतच आंबते.